दांडीवरची पट्टी

दीड वर्षापासून आमच्या घरात बाबांना काहीही विचारलं की एकच उत्तर येतं. कूलरचं गवत बदलायचं का? "मले नको विचारू." वांगी आणू की दोडके? "तुझ्या आईले विचार." स्कूटरची किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली, आणि आईला स्कूटर चालवता येत नाही. विहाराच्या कमिटीतून स्वतःहून नाव काढून घेतलं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत बोअरवेल कुठे खणायची इथपासून कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ बघायचं इथपर्यंत सगळे ज्यांच्याकडे यायचे, ते आता चहात साखर किती हेही दुसऱ्यावर सोपवतात.

लोकांना वाटतं, वय झालं. वयाबियाचं काही नाही. हे मी केलंय, आणि परवापरवापर्यंत ते फक्त मला माहीत होतं.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. गोंदियाहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, शेवटची काही वर्षं एक्सप्रेस. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं सांगायचा, हिरवा, पिवळा, लाल जो असेल तो. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच पुन्हा मोठ्यानं म्हणायचं. बाबा म्हणायचे, सगळी गोम त्या बघण्यात आहे. नुसतं मागून म्हणायला काय, माणूस झोपेतही हिरवा म्हणतो. "तशा असिस्टंटपेक्षा मुका असिस्टंट बरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली तर त्याला लाल पास केला असं म्हणतात, आणि तो डाग ड्रायव्हरच्या अंगावरून आयुष्यभर जात नाही. बाबांनी छत्तीस वर्षांत एकही लाल पास केला नाही. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घेऊन दारात उभे राहिले आणि आईला पहिलं वाक्य हेच म्हणाले. आई म्हणाली, "माहीत हाय ना जी, रोजच तर सांगता. हार काढा आधी, मुंग्या येतीन."

आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी, माउंटन बायकर. नागपूरच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण तुमच्या रायपुरात पहाड कुठी हाय वं?" बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे डोंगर म्हणजे खदानीच्या काठावर टाकलेला मुरमाचा ढीग. त्या ढिगांवर मी शिकले. बंद पडलेल्या दगडखाणींच्या कडेनं, कालव्याच्या बांधावरून, नव्या रायपूरच्या रिकाम्या रस्त्यांपलीकडच्या पायवाटांवरून रोज तीन-चार तास. परत आले की तोंड पुसायचे, आणि कारखान्यांच्या धुरानं रुमाल काळा व्हायचा. आई तो रुमाल चिमटीत धरून बाबांना दाखवायची, जणू तो त्यांनीच मळवला होता.

माझ्या शर्यती लांब पल्ल्याच्या. जंगलातल्या एकाच वाटेवर बारा तास फेऱ्या मारत राहायचं, किंवा हिमाचलात पाच-सहा दिवस रोज एक घाट चढायचा. यात वेगाची मिजास चालत नाही. बाकीचे थांबतात तेव्हा आपण थांबायचं नाही, एवढंच ते काम. अठरा वर्षं मी ते केलं. एका सायकल कंपनीनं मला त्यासाठी पगारावर ठेवलं होतं, जर्सीवर त्यांचं नाव असायचं. पायाची नखं दरवर्षी काळी पडून गळायची. हँडलवर भार टाकून टाकून हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायची, आणि मोठ्या शर्यतीनंतर आठवडाभर माझ्या कुर्त्याची बटणं आई लावून द्यायची. "नवऱ्याच्या घरी कोण लावून देणार होतं?" असंही म्हणायची. मी म्हणायचे, म्हणूनच तर गेले नाही.

बाबा माझे मदतनीस होते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एका ठरलेल्या जागी घडीची खुर्ची, छत्री, पाण्याच्या बाटल्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि स्टीलच्या डब्यात बासी घेऊन बसायचे. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खायचा, ही छत्तीसगडची बासी. माझ्या कंपनीनं दिलेली महागडी पावडर मला उलटून पडायची, बासीचं खारट पाणी टिकायचं.

सुरुवातीच्या काळात एका शर्यतीत, सातव्या तासाला, मी बाबांजवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "आई तिकडे वळणावर उभी आहे, साखर मागतेय." आई त्या वेळी रायपुरात घरी होती. बाबांनी माझं हँडल धरलं आणि विचारलं, "तेरा साते?" लहानपणी त्यांनी माझ्याकडून तीसपर्यंत पाढे घोकून घेतले होते, झोपेतून उठवलं तरी यायचे. मी तेरा एके तेरापासून सुरू केलं आणि तेरा चोकला अडकले. पुढे काही येईचना. बाबा म्हणाले, "उतर खाली." मी रडले, शिव्या दिल्या, पण त्यांनी हँडल सोडलं नाही.

तेव्हापासून नियम झाला. दर फेरीला एक पाढा. चुकलं तर पाच मिनिटं सावलीत बसायचं, दुसऱ्यांदा चुकलं तर शर्यत संपली. प्रश्न ते आदल्या संध्याकाळीच एका छोट्या डायरीत पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, फेरीनुसार, बारा फेऱ्या तर बारा प्रश्न. मी एकदा विचारलं, आयत्या वेळी सुचेल ते काहून नाही विचारत? म्हणाले, "त्या वेळेस तुझं तोंड पाहून मले दया येईन. मंग मी दोन दुणे विचारीन." ड्रायव्हरलासुद्धा निघण्याआधीच लेखी कागद देतात, पुढे कुठे गाडी हळू करायची त्याचा. बाबांचा लिहिलेल्यावर विश्वास होता.

त्या नियमानं मला किती वेळा वाचवलं असेल, कोण जाणे. मला मात्र फक्त एकच वेळ लक्षात राहिली. मी अडतीस वर्षांची होते, दुसऱ्या नंबरावर चालले होते, दोन फेऱ्या उरल्या होत्या. त्या दिवशी आधी एकदा चुकले होते. बाबांनी विचारलं, "सतरा आठे?" मी म्हणाले, सव्वीसासे. दहानं चुकलं. बाबांनी हँडल धरलं. मला काही झालं नव्हतं, मी नुसती थकले होते. थकल्यावर पाढा चुकतो, त्यात काय! आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याच महिन्यात कंपनीच्या माणसानं फोनवर गोड आवाजात सांगितलं, "दीदी, अगले साल देखते हैं, पहले तीन में आना चाहिए." पुढच्या वर्षी मी एकोणचाळीसची होणार होते.

त्या पुढच्या वर्षाची शर्यत धमतरीच्या पलीकडच्या जंगलात होती, मार्चच्या शेवटी. आदल्या संध्याकाळी बाबा आंघोळीला गेले. त्यांचा शर्ट खिळ्याला होता, खिशात डायरी होती. मी ती काढली.

आम्ही शर्यतवाले सायकलच्या दांडीवर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर पेनानं आकडे लिहितो. पहिला चढ किती किलोमीटरवर, पाणी कुठे, उतार कुठे संपतो. खाली मान घातली की दिसतं. त्या संध्याकाळी मी माझ्या पट्टीवर चढांच्या शेजारी आणखी बारा आकडे लिहिले. एक्क्याण्णव लिहायचे तर ९.१ लिहिलं. छत्तीसासे लिहायचे तर १३.६. टिंब दिलं की कुणीही म्हणेल, किलोमीटरच आहेत. बाबा चष्मा लावून वाचतील तरी त्यांना तसंच वाटेल, हेही मी मनात धरलं होतं. इतका विचार करून केलं मी. कुणी म्हणू नये की उन्हात डोकं फिरलं होतं. तेव्हा ऊन नव्हतं, छान वारा सुटला होता.

सकाळी सहाला सुटलो. सात फेऱ्यांपर्यंत पट्टीकडे बघायची गरजच पडली नाही, उत्तरं आपसूक येत होती. मला वाटलं, उगाच लिहिलं. आठव्या फेरीत घाम थांबला. दुपारचं ऊन डोक्यावर, आणि दंडावर काटा यायला लागला, थंडी वाजायला लागली. याचा अर्थ उष्माघात, हे मला पाठ होतं. मी स्वतः नवीन मुलींना शिकवायचे की उन्हात थंडी वाजली तर तिथल्या तिथे उतरा. मी उतरले नाही. तिसऱ्या नंबरावर होते.

नवव्या फेरीच्या शेवटी बाबांनी काय विचारलं ते मला कळलंही नाही. मी खाली पाहिलं, नववा आकडा वाचला. बाबांनी बाटली दिली. दहाव्याला पुन्हा खाली पाहिलं, वाचलं. "हाव, जा," बाबा म्हणाले. त्यांचा तो आवाज आजही कानात आहे, खुशीतला. अकराव्या फेरीत उतारावर वाट उजवीकडे वळते. मी वळले नाही, सरळ गेले, नाल्याच्या दगडांत.

पुढचे तीन दिवस मला आठवत नाहीत. बर्फात ठेवलं होतं म्हणे. किडन्या बंद पडता पडता राहिल्या, गळ्याचं हाड मोडलं. चौथ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा आई उशाशी होती. तिनं सांगितलं की बाबा तीन दिवस बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत, आणि येईल त्या डॉक्टरला एकच सांगतात, "उत्तरं बराबर देऊन राहिली होती जी. मलेच समजलं नाही." एका डॉक्टरनं त्यांना धीर द्यायचा म्हणून सांगितलं होतं की काही जण शेवटपर्यंत नीट बोलतात, कळत नाही. बाबांना त्यातलं फक्त "कळत नाही" एवढंच ऐकू आलं.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तोंडात नळी नव्हती, जीभ जागेवर होती. पण मला लाज वाटली. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, जरा चालायला लागू दे. डॉक्टरांनी सांगितलं की आता शर्यत नाही, उन्हात जास्त वेळ नाही, पुन्हा असं झालं तर वाचणार नाही. डावीकडे वळताना माझा तोल अजून जातो. मग वाटलं, माझं सगळंच गेलंय, निदान बाबांच्या नजरेतली मी तरी राहू दे. असं म्हणत म्हणत दीड वर्ष काढलं. शंकर नगरच्या सायकलच्या दुकानात मी आता गिऱ्हाइकांच्या सीटची उंची मापून देते, आणि "मॅडम, आपका कितना कंट्रोल था अपने ऊपर" असं कुणी म्हटलं की स्क्रू आवळायला खाली वाकते.

सायकल मी घरी मागच्या पडवीत चादरीखाली ठेवली. पट्टी काढली नाही. दोनदा काढायला गेले आणि परत आले.

गेल्या महिन्यात बाबांचे जुने सोबती घरी आले, त्यांच्याच बरोबर रिटायर झालेले. नवीन असिस्टंटांच्या ट्रेनिंगमध्ये जुन्या ड्रायव्हरांनी दोन शब्द बोलायचे होते. ते म्हणाले, "तुझ्यासारखा क्लीन रेकॉर्ड कोणाचा हाय? तूच बोल." मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "मी कोन्त्या तोंडानं बोलू? नोकरीत नाही केला, पण घरी केला ना लाल पास. पोट्टी समोर उभी होती अन् मी तिले हिरवा देला." सोबती काहीबाही समजावत राहिले. मी चहाचा ट्रे तिथेच खाली ठेवला.

ते गेल्यावर मी पडवीत गेले, चादर काढली आणि सायकल तशीच ढकलत स्वयंपाकघरापर्यंत आणली. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काहून वं, आता घरात चालवतेस का?" बाबा पाणी पीत होते. मी दांडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, चष्मा लावा. हे वाचा."

त्यांनी वाचलं. "चढाचे किलोमीटर."

"मधलं टिंब काढून वाचा."

त्यांनी बोटानं एकेक टिंब झाकत वाचायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या आकड्याला थांबले. मग आत जाऊन ती डायरी घेऊन आले. ती अजून त्यांच्याजवळ होती, त्या दिवसाचं पान तसंच होतं. डायरी एका हातात धरून त्यांनी बाराही ताडून पाहिले. मी एका दमात सगळं सांगितलं, शर्ट, खिळा, थंडी, सगळं. मला वाटत होतं की ओझं उतरेल. उतरलं नाही.

बाबांनी डायरी मिटून खिशात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्यापेक्षा मुका असिस्टंट बरा."

आईनं सूप खाली ठेवलं. "अहो," एवढंच म्हणाली.

आयुष्यात त्यांनी मला मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला खरंच वाटलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. पण त्या दोन दिवसांत ते ताठ चालत होते. रागानं का होईना, त्यांच्या पावलांचा आवाज घरात पुन्हा येत होता, आणि मी माझ्या खोलीत पडून तो ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "बयान लिही."

रेल्वेत काही घडलं की प्रत्येकाला आपल्या हातानं बयान लिहून द्यावं लागतं, मग चौकशी होते. बाबांनी कसं लिहायचं ते सांगितलं. वेळ, ठिकाण, हवामान. मग काय केलं ते, त्याच क्रमानं. "मले वाटलं, असं लिहायचं नाही. वाटलं ते कोणी विचारत नाही. जे केलं ते लिही." मी तीन वेळा फाडला. कंपनीच्या फोनबद्दल लिहिलं तर बाबांनी ते खोडायला लावलं. शेवटी अर्ध्या पानात बसलं. मी माझी सही केली आणि खाली लिहिलं, यात वडिलांची काही चूक नाही.

बाबांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. पेन मागितलं. माझी शेवटची ओळ एका रेघेनं खोडली आणि तिच्याखाली आपल्या सरळ, मोठ्या अक्षरात लिहिलं: "दहाव्या फेरीत उत्तर देताना ती खाली पाहत होती. मी ते पाहिलं. तिसऱ्या नंबरावर होती म्हणून सोडलं." खाली सही, तारीख, वेळ.

मी म्हणाले, "बाबा, हे खरं नाही. तुम्ही उगीच..."

"तू होती का माह्या डोळ्यांत?" ते म्हणाले. "आधी कधी तू खाली पाहून बोलली का? अठरा वर्षांत? मले दिसलं. मले बी वाटलं, एवढी फेरी जाऊ दे. मलेबी पाहिजे होता ना तो नंबर."

मी त्यांना त्यांचं कोरं रेकॉर्ड परत द्यायला गेले होते. ते त्यांनी घेतलंच नाही. उलट इतके दिवस जे ते "समजलं नाही" म्हणत होते, ते समजलं होतं, आणि तेच त्यांना खात होतं. दीड वर्ष आम्ही दोघं एकाच घरात, एकाच पत्र्याखाली, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं. आई म्हणाली, "झालं का दोघायचं लिहून? मंग मले ताटं मांडू द्या." आणि कागद उचलून तिनं देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या तिच्या पितळी डब्यात ठेवला, रेशन कार्डाशेजारी.

बाबा लगेच बदलले असं नाही. परवा वांग्यांचं विचारलं तर "आईले विचार"च म्हणाले. सोबत्यांना अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. स्कूटरची किल्ली आईच्याच कमरेला आहे.

मला डॉक्टरांनी उजाडायच्या सुमारास अर्धा तास सायकल चालवायची परवानगी दिली आहे, सपाट रस्त्यावर, हळू. पट्टी मी खरवडून काढली, दांडीवर तिचा चिकट डाग तेवढा उरला. काल सकाळी सायकल घेऊन बाहेर आले तर फाटकात घडीची खुर्ची मांडून बाबा बसले होते. त्या दिवसानंतर ती खुर्ची मी पहिल्यांदाच पाहिली. मी थांबले. त्यांनी हँडलवर हात ठेवला.

"सतरा आठे?"

"छत्तीसासे," मी म्हणाले.

"ते ऐकलं," बाबा म्हणाले. "आता मान वर कर. इकडं पाह."